सांगकाम्याची सही

ज्यांनी गावाकडच्या जमिनीचा सातबारा एकदा तरी हाताळला आहे, त्यांना फेरफाराची नोंद म्हणजे काय हे सांगायला नको. कोणी काय बदलले, केव्हा, कशाच्या आधारे आणि तो बदल कोणाच्या सहीने प्रमाणित झाला, एवढे सगळे त्या नोंदवहीत असते. तलाठ्याने नोंद घ्यायची, हरकतींसाठी मुदत ठेवायची, मग मंडल अधिकाऱ्याने सही करायची. पद्धत कंटाळवाणी खरी. पण पन्नास वर्षांनी भाऊबंदकी उभी राहिली की याच कंटाळवाण्या वहीकडे सगळे धावतात.

संगणकाच्या प्रोग्रॅमचेही असेच एक दप्तर असते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली ‘गिट’ नावाची व्यवस्था लिहिली, ती म्हणजे प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीची फेरफार नोंदवही. २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘गिटहब’ सुरू झाले आणि ही दप्तरे एका मोठ्या कचेरीत मांडली गेली. कोणीही यावे, दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचावा, तक्रार नोंदवावी, नाहीतर ‘ही ओळ अशी बदला’ असा अर्ज करावा. त्या अर्जाला तिथे ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात. मूळ मालकाने तो पाहायचा आणि पटला तर दप्तरात दाखल करून घ्यायचा. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ही कचेरी साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतली, यावरून तिची उलाढाल लक्षात यावी.

गंमत अशी, की या कचेरीत अर्ज करणारे, शेरे मारणारे, जुनी प्रकरणे बंद करणारे सगळेच आता माणसे नाहीत. त्यातले पुष्कळसे ‘बॉट’ आहेत. मराठीत या प्राण्यासाठी एक जुना, नेमका शब्द आहे: सांगकाम्या. सांगितले तेवढेच करणारा, न सांगितलेले कधीही न करणारा, आणि सांगताना आपण काय विसरलो हे चारचौघांत दाखवून देणारा.

असा एक सांगकाम्या आमच्याही पदरी आहे. मी पुण्यात नोकरी करतो ती बँकांच्या सॉफ्टवेअरची; ज्याविषयी लिहितो आहे तो उद्योग सुट्टीतला. आम्ही तिघे, एक मी, एक नाशिकचे मित्र आणि एक न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या ताई, मिळून एक छोटा प्रोग्रॅम सांभाळतो. नव्वदच्या दशकात डीटीपीवर जुळवलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम तो करतो. त्या काळच्या फाँटनी मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवले होते. फाँट असला तर पानावर ‘कविता’ दिसते, नसला तर कोणी टंकयंत्रावर मांजर सोडल्यासारखे काहीतरी. शिवाय ऱ्हस्व वेलांटी दिसायला अक्षराच्या आधी म्हणून आधी टाइप केलेली, आणि रफार अक्षराच्या डोक्यावर म्हणून नंतर. युनिकोडला क्रम हवा तो उच्चाराचा. तेव्हा नुसती अक्षरे बदलून भागत नाही, ती उचलून पुढे-मागे ठेवावी लागतात. आणि प्रत्येक फाँटची तऱ्हा वेगळी.

आमच्याकडे तक्रारी येतात त्या छापखान्यांतून, दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांतून, ग्रंथालयांतून. ‘तुमचे चालत नाही’ एवढीच एक ओळ. फाँट कोणता? फाइल कुठली? नेमके कोणते अक्षर बिघडले? हे विचारण्यात आठवडा जायचा. शेवटी ठरले, की पहिले प्रश्न विचारायला सांगकाम्या ठेवायचा.

तो कसा बसवतात हे थोडक्यात सांगतो. कचेरीशी यंत्राने बोलण्याची जी ठरलेली खिडकी असते तिला ‘एपीआय’ म्हणतात. तिच्यापाशी दोन रीतींनी काम होते. पहिली, आपण वरचेवर जाऊन ‘काही आले आहे का?’ असे विचारत राहायचे. गिटहबची खिडकी ओळख न देणाऱ्याला तासाला ६० प्रश्न विचारू देते. ओळख दिली तर ५,०००. दुसरी रीत शहाणपणाची. आपला पत्ता देऊन ठेवायचा. काही घडले की कचेरीच आपल्याकडे निरोप पाठवते. याला ‘वेबहुक’ म्हणतात. निरोपाची पोच दहा सेकंदांत द्यावी लागते, आणि निरोप खरोखर तिथूनच आला की कोणी तोतयाने धाडला, हे ओळखण्यासाठी दोघांनाच ठाऊक असलेल्या गुपितावरून काढलेली एक खूण त्यावर असते. ती न तपासता निरोपावर विश्वास ठेवणे म्हणजे दारावर आलेल्या कोणाही खाकी कपडेवाल्याला पोस्टमन समजणे.

आणखी एक गोष्ट हे काम करणाऱ्या प्रत्येकाला शिकावी लागते. सांगकाम्याने तक्रारीखाली उत्तर लिहिले, की ‘नवे उत्तर आले’ असा निरोप कचेरी पाठवते. कोणाला? सांगकाम्यालाच! त्याला वेगळे सांगितले नसेल तर तो स्वतःच्या उत्तराला उत्तर देतो, मग त्या उत्तराला, आणि सकाळपर्यंत एकाच तक्रारीखाली शेकडो नम्र उत्तरांची रांग लागते. गिटहबच्या स्वतःच्या स्वयंचलित यंत्रणेत तर तसा नियमच आहे, की तिने आपल्या किल्लीने केलेल्या बदलामुळे, एक-दोन अपवाद सोडले तर, तीच पुन्हा जागी होत नाही. आमच्या प्रोग्रॅमचीही पहिली ओळ तीच: बोलणारा यंत्र असेल तर गप्प बस. (हा नियम काही माणसांनाही लावता आला असता तर, असे न्यू जर्सीच्या ताईंचे मत.)

एवढे दोन शनिवारांत झाले. वेळ गेला तो निराळ्याच प्रश्नात. सांगकाम्याने बोलायचे कसे? ‘आपली तक्रार मिळाली’ म्हणावे, की ‘तुमची’? नाशिककर म्हणाले, “आपण म्हटलं की बँकेची नोटीस वाटते.” तुम्ही ठरले. त्याने स्वतःला ‘आम्ही’ म्हणावे का? इथे ताई अडून बसल्या. “आम्ही म्हणजे कोण? रात्री दोन वाजता आपण तिघंही झोपलेलो असतो.”

ताईंचे म्हणणे किती बरोबर होते ते महिन्याभरातच कळले. इचलकरंजीच्या एका छापखान्याच्या मालकांनी सांगकाम्याच्या प्रश्नांना उत्तरे दिली, फाइल जोडली आणि खाली लिहिले, “साहेब, रविवारीही कामावर बसलात. चहा घ्या मधून.” सांगकाम्याच्या नावापुढे ‘बॉट’ अशी पट्टी गिटहब लावते, पण ती इंग्रजीत आणि बारीक. त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक उत्तराची पहिली ओळ अशी आहे: “हे उत्तर यंत्राने लिहिले आहे. माणूस चार दिवसांत वाचेल.” चार दिवस हा आकडा घालताना आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. कारण वचन यंत्र देणार होते, पाळायचे आम्हाला होते.

हा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही. गिटहबच्या अटींत यंत्राने स्वतःहून उघडलेले खाते चालत नाही. यंत्रासाठी खाते ठेवता येते, पण ते माणसाने उघडायचे, अटी माणसाने मान्य करायच्या आणि त्या खात्याच्या करणीला जबाबदारही त्यानेच राहायचे. कागदावर हे स्वच्छ आहे. व्यवहारात काय होते याची एक गोष्ट २०१८ सालची. स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातले प्राध्यापक मार्टिन मोनपेरूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रिपेअरनेटर’ नावाचा बॉट बनवला. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये चाचणी फसली की तो दुरुस्ती शोधायचा आणि पुल रिक्वेस्ट म्हणून पाठवायचा. यंत्राने पाठवलेली दुरुस्ती लोक पूर्वग्रहाने पाहतील, म्हणून त्यांनी त्याला माणसाचे सोंग दिले: ल्युक इझाप हे नाव, आणि गिटहबवर त्याचे एक खाते. त्याच्या पाच दुरुस्त्या खऱ्या माणसांनी खऱ्या प्रोग्रॅममध्ये दाखल करून घेतल्या. मग संशोधकांनी पडदा वर केला.

यंत्राची दुरुस्ती माणसाच्या तोडीची ठरली, म्हणून त्या प्रयोगाचे कौतुक झाले ते योग्यच. मला मात्र त्यातला दुसरा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. एका प्रकल्पाने ल्युकला विचारले, की आमच्याकडे काम देणाऱ्याने एका करारावर सही करावी लागते, ती तुम्ही केली आहे का? आता सही कोणी करायची? बॉटने? त्याला लिहिणाऱ्याने? विद्यापीठाने? दुरुस्ती बरोबर होती, चाचण्या पार पडल्या होत्या, पण ‘हे मी केले, आणि उद्या काही निघाले तर मी आहे’ असे म्हणणारा त्या नावामागे कोणी नव्हता.

सांगकाम्यांचा उपयोग नाही असे कोणी समजू नये. आजचा कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्यांच्या शेकडो तयार तुकड्यांवर उभा असतो आणि त्या तुकड्यांत दोष सापडत राहतात. २०१७ साली अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमापन कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. ज्या दोषातून चोर शिरले त्याची दुरुस्ती मार्चमध्येच जाहीर झाली होती. चोरी सुरू झाली मे महिन्यात. दुरुस्ती होती, ती बसवली नव्हती, एवढेच. असले काम माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही. त्याच वर्षी ‘डिपेंडाबॉट’ सुरू झाला, २०१९ मध्ये गिटहबने तो घेतला. तो दररोज तुकड्यांची यादी तपासतो आणि ‘अमुक जुने झाले, नवे घ्या’ असा तयार अर्ज मालकापुढे ठेवतो. आमच्या लहानशा दप्तरातही सोमवारी सकाळी त्याचे दोन-तीन अर्ज असतातच.

पण रोज येणाऱ्या अर्जाचे जे व्हायचे तेच होते. पहिल्या महिन्यात आपण ओळ न् ओळ वाचतो. तिसऱ्या महिन्यात नाव पाहतो, चाचण्यांची हिरवी खूण पाहतो आणि शिक्का मारतो. सहीच्या कागदांचा गठ्ठा साहेबांपुढे सरकवणाऱ्या जुन्या कारकुनाला हे मर्म ठाऊक होते. चोरांना कळायला वेळ लागला नाही. २०२३ च्या जुलैत शेकडो दप्तरांत डिपेंडाबॉटच्या नावाने बदल दाखल झालेले आढळले. ते त्याचे नव्हतेच. चोरांनी मालकांच्या किल्ल्या मिळवल्या होत्या आणि गिटच्या नोंदीत कर्त्याच्या रकान्यात कोणाचेही नाव लिहिता येते, या सोयीचा फायदा घेतला होता. आत होती दप्तरातली गुपिते बाहेर पाठवणारी आणि लोकांचे पासवर्ड चोरणारी ओळ. लोकांनी पुन्हा पाहू नये यासाठी चोराला माणसापेक्षा सांगकाम्याचे नाव सोयीचे वाटले, हे मला फार बोलके वाटते.

मार्च २०२५ चा प्रकार याच्या पुढचा. ‘टीजे-अॅक्शन्स’ या खात्यावरचे, कोणत्या फाइली बदलल्या ते सांगणारे एक साधे अवजार २३ हजारांहून अधिक दप्तरे वापरत होती. ते सांभाळणाऱ्यांच्या एका बॉटची किल्ली चोरांच्या हाती लागली. त्यांनी अवजाराच्या जुन्या आवृत्त्यांवरच्या चिठ्ठ्या काढून आपल्या विषारी आवृत्तीवर चिकटवल्या. मग ज्या-ज्या दप्तराने ते अवजार चालवले त्याची गुपिते त्याच्याच कामाच्या नोंदीत छापली जाऊ लागली. आणि खुल्या दप्तरांच्या नोंदी कोणालाही वाचता येतात. ती किल्ली एखाद्या माणसाची असती तर ‘आज हा माणूस अवेळी इतके का बदलतो आहे?’ असे कदाचित कोणी विचारले असते. बॉटची वेळ-अवेळ कोण पाहतो?

म्हणून आमच्या सांगकाम्याला तक्रारींवर लिहिता येते, प्रोग्रॅम फक्त वाचता येतो. त्याला मिळणारी किल्ली तासाभरात आपोआप बाद होते. त्याला बदल दाखल करता आले असते तर माझे बरेच शनिवार वाचले असते, हे मान्य.

आता माझी स्वतःची एक तक्रार सांगतो. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यास’ दक्षिणा देतात, ‘आचाऱ्यास’ मजुरी. फरक त्या अर्ध्या ऱ चा. युनिकोडच्या हिशेबात ऱ हे अक्षर र आणि खालचा नुक्ता यांच्या जोडीशी समान धरले जाते. हिंदीच्या सोयीसाठी लिहिलेल्या पुष्कळ पद्धतींत शोध घेण्यापूर्वी नुक्ता काढून टाकतात, म्हणजे ज आणि ज़ एकत्र सापडावेत. हिंदीसाठी ते ठीक. मराठीत त्याने सह्याद्रीच्या दऱ्या थेट अरबी समुद्रात जातात.

शोधासाठी वापरल्या जाणाऱ्या एका मोठ्या प्रकल्पात हाच दोष होता. मी गिटहबवर रीतसर तक्रार नोंदवली, शब्दांच्या जोड्या दिल्या, दोष कुठल्या ओळीत आहे तेही दाखवले. खाली आणखी तीन मराठी माणसांनी आपली उदाहरणे जोडली. प्रकल्पाच्या बाजूने कोणी काही लिहिले नाही. साठाव्या दिवशी त्यांचा बॉट आला: या विषयात हालचाल नाही, तो ‘शिळा’ झाला आहे. मी लिहिले, दोष अजून आहे. पुढच्या साठ दिवसांनी तो पुन्हा आला, पुन्हा मी लिहिले. तिसऱ्या वेळी मी गावी होतो. परत येईतो तक्रार बंद, वर कुलूप, आणि खाली ‘तुमच्या योगदानाबद्दल आभार’.

दुसरी बाजूही आहे, आणि ती खोटी नाही. असे प्रकल्प सांभाळणारे पुष्कळदा बिनपगारी असतात. हजारो तक्रारी उघड्या, त्यातल्या निम्म्या ‘चालत नाही’ छापाच्या. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टांवर टी-शर्ट मिळत होता, तेव्हा टी-शर्टासाठी एकेक शब्द इकडचा तिकडे करून लोकांनी या सांभाळणाऱ्यांना इतके हैराण केले, की आयोजकांना काही दिवसांतच नियम बदलावे लागले. तेव्हा यंत्रासारखी वागली ती माणसे! कुबर्नेटिस या अवाढव्य प्रकल्पाचा बॉट ९० दिवसांनी तक्रारीला ‘शिळी’ म्हणतो, आणखी ३० दिवसांनी ‘कुजकी’, आणि पुढच्या ३० दिवसांनी बंद करतो. एका ओळीची आज्ञा लिहून हे थांबवता येते. तिथले कामाचे प्रमाण पाहता मी त्यांना दोष देणार नाही.

माझा आक्षेप बंद करण्याला नाहीच. ‘आम्हाला हे जमणार नाही’ असे एखाद्याने लिहून बंद केले असते तर वाईट वाटले असते, पण भांडण मिटले असते. इथे कोणीच नाही म्हटले नाही. ‘हालचाल नाही’ हे कारण दिले, आणि हालचाल करायची होती ती त्यांनीच.

याच्या उलट वागणारा बॉट रस्ट या भाषेच्या प्रकल्पात आहे, नाव बोर्स. त्या भाषेचे जनक ग्रेडन होअर यांचा साधा आग्रह होता, की मुख्य दप्तरातला प्रोग्रॅम नेहमी सर्व चाचण्या पार करणाराच असावा. दोन बदल वेगवेगळे तपासले तर ठीक, पण एकत्र आले की बिघडतात, असे होते. म्हणून बोर्स प्रत्येक बदल आधी मुख्य प्रोग्रॅमच्या प्रतीत मिसळून पाहतो, सगळ्या चाचण्या चालवतो, आणि पार पडल्या तरच दाखल करतो. कंटाळा येणारे, माणूस हमखास टाळेल असे काम ते सगळे त्याच्याकडे. पण तो जागा होतो केव्हा? ज्याला अधिकार आहे अशा कोणा माणसाने वाचून, आपल्या नावाने मान्यता लिहिली की. दहा वर्षांपूर्वीची कोणतीही ओळ काढा, ती कोणी मान्य केली ते नाव नोंदीत सापडते.

आता प्रोग्रॅम लिहिणारेच बॉट आले आहेत. मे २०२५ मध्ये गिटहबने आपला ‘कोपायलट’ अशा कामासाठी पुढे आणला: तक्रार त्याच्या नावावर टाकायची, तो बदल लिहून पुल रिक्वेस्ट पाठवतो. त्याच्या नियमांत एक कलम मला जुन्या महसुली वळणाचे वाटले. ज्याने त्याला काम सांगितले, त्याची मान्यता त्याच अर्जाला धरली जात नाही. जिथे मान्यता लागते तिथे ती दुसऱ्या माणसाचीच लागते. अर्जदार आणि प्रमाणित करणारा एकच नको. हे कलम किती दिवस टिकते, पाहायचे. घाई असलेल्यांना ते पहिल्यांदा खुपेल.

आमच्याकडेही उघड्या तक्रारी साचत जातात. मागच्या दिवाळीत नाशिककरांनी सुचवले, की आपणही शिळ्यांची सफाई लावू. तिघांत दोन तास वाद झाला. माझे मत काय असणार ते उघडच होते, म्हणून ताईंनी मला बोलू दिले नाही. शेवटी ठरले ते असे: जुन्या तक्रारी सांगकाम्याने शोधायच्या जरूर, पण तक्रारदाराला एक अक्षर लिहायचे नाही. तीन महिन्यांनी एकदा त्याने यादी आम्हाला पाठवायची, प्रत्येक ओळीपुढे तिघांपैकी एकाचे नाव आळीपाळीने टाकून. ज्याचे नाव, त्याने वाचायचे आणि स्वतःच्या नावाने लिहायचे: करतो, किंवा नाही जमणार.

या वेळच्या यादीत सदतीस ओळी आहेत. माझ्या वाट्याला बारा. पहिली सोलापूरच्या एका ग्रंथालयाची, सव्वा वर्षापूर्वीची. त्यांच्या जुन्या सूचीत ‘वऱ्हाड’ शब्द आमच्या प्रोग्रॅममधून जाताना ‘वर्हाड’ होऊन बाहेर पडतो. त्यांनी फाँटचे नाव दिले आहे, पानही जोडले आहे.